चार नंबरचा डास

मिस्त्रींना लोक मिस्त्री म्हणायला लागले ते रेडिओच्या काळापासून. त्यांच्या दुकानात तेव्हा रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि पाठीला कुबड आलेले जुने टीव्ही दुरुस्तीला यायचे. मिस्त्री आधी झाकण उघडत नाहीत, आधी ऐकतात, असं गावभर म्हटलं जायचं, आणि ते खरंच होतं. रेडिओ चालू करून ते मान जरा तिरकी करायचे, डोळे मिटायचे, आणि आतल्या गुणगुणीवरून निदान करायचे. "कंडेन्सर गेलाय," म्हणायचे, किंवा, "स्पीकरचा पडदा फाटलाय फक्त, बाकी पेशंट ठणठणीत आहे." गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. मिस्त्री वरून काही दाखवायचे नाहीत, पण आतून सुखावायचे. उंची बेताची, शिक्षण बेताचं, रूपाबद्दल तर बोलायलाच नको. पण देवाने कान असा दिलाय की मागून घेतल्यासारखा, असं ते बायकोला म्हणायचे. त्यावर बायको म्हणायची, "हो, माझं सोडून सगळ्यांचं ऐकू येतं त्याला."

पुढे रेडिओ गेले, टेप गेले. दुरुस्त करण्यापेक्षा नवीन घेणं स्वस्त झालं. मिस्त्रींनी हाय खाल्ली नाही. त्याच गाळ्यात भिंतीला लागून फळ्या ठोकल्या, कॉम्प्युटर मांडले आणि इंटरनेट कॅफे सुरू केला. बायको काउंटरवर बसू लागली. अर्ज भरणारे, निकाल बघणारे, परदेशातल्या मुलाचं तोंड पडद्यावर बघून रडणारे, सगळ्या तऱ्हेचे लोक येत. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि एकेक करून ही सगळी मंडळी पांगली. उरले ते गेम खेळणारे. त्यांना मोठा पडदा हवा, हाताखाली कीबोर्ड हवा, आणि शेजारच्या खुर्चीवर हरवायला माणूस हवा.

"मग त्यांच्यासाठीच करा ना चार मशीनं चांगली," बायको एकदा म्हणाली. "परवा तो ड्रायव्हर खेळत होता. त्याचा ट्रक वळणावर असा अडकत अडकत जात होता, जसं कुणी मागून ओढतंय."

हा ड्रायव्हर शहरातली बस चालवायचा आणि ड्यूटी संपली की कॅफेत येऊन ट्रक चालवण्याचा गेम खेळायचा. मिस्त्री त्याला विचारायचे, दिवसभर गाडी हाकून कंटाळा येत नाही का. तो म्हणायचा, "मिस्त्री, या गाडीत प्रवासी नसतात."

मिस्त्रींनी मनावर घेतलं. जुनी चार मशीनं काढायची आणि त्या जागी गेम चालतील अशी चार बांधायची. तयार मशीन घेणं परवडणारं नव्हतं, आणि परवडलं असतं तरी मिस्त्रींनी घेतलं नसतं. सुटे भाग निवडण्यात त्यांना जुना आनंद परत सापडला होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते बायकोला समजावून सांगत बसायचे.

"प्रोसेसर दोन पिढ्या मागचा घेतला तरी काही बिघडत नाही. रॅम मात्र एक मोठी घ्यायची नाही, दोन लहान घ्यायच्या. जोडीने बसवल्या की काम हलकं होतं."

"हे तुम्हाला आत्ता कळलं?" बायको म्हणायची.

"आणि पॉवर सप्लाय नवाच. चांगल्या बनावटीचा. तिथे जो काटकसर करतो तो एक दिवस सगळ्या मशीनचा धूर बघतो. मशीनचा डबा कसाही चालेल. काच नको, दिवे नकोत."

"दिवे असू द्या की थोडे. पोरांना आवडतात."

"दिव्यांनी गेम पळत नाही."

"पोरं पळत येतात ना."

असा वाद रोज व्हायचा आणि रोज अर्धवट राहायचा. पण बाजारात दोघं बरोबरच जायचे. रेडिओच्या दिवसांत बायकोने कधी सुट्या भागांच्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. अलीकडे काही वर्षांपासून मात्र ती न चुकता बरोबर यायची, दुकानदाराशी बोलायची, भाव विचारायची, आणि मग मिस्त्रींकडे वळून सगळं पुन्हा सांगायची. उतारवयात हिला बाजाराची गोडी लागली, असं मिस्त्रींना वाटायचं. नवऱ्याच्या धंद्यात बायको रस घेते याचं त्यांना कौतुकही होतं.

ग्राफिक्स कार्डं घ्यायची वेळ आली तेव्हा नेमकं बायकोच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. ती बहिणीकडे राहायला गेली. जाताना बजावून गेली, "मी येईपर्यंत थांबा. कार्डं कुठे पळून जात नाहीत."

मिस्त्री थांबले नाहीत. प्रोसेसर आले होते, बोर्ड आले होते, सगळं टेबलावर मांडून ठेवलेलं, आणि गेमचं सगळं बळ ज्यात असतं ते कार्डच नाही. सगळी वरात तयार आणि नवरदेवाचा पत्ता नाही, अशी गत. ते एकटेच निघाले.

गल्लीच्या टोकाला जुन्या भागांचं एक दुकान होतं. बापाच्या पश्चात मुलगी ते चालवत होती. दुकान म्हणजे चिंचोळी पट्टी. माथ्यावर हवा बाहेर फेकणारा पंखा घरघरत असायचा आणि समोर हातगाड्यांची वर्दळ. तिच्याकडे एकाच ठिकाणाहून आलेली चार कार्डं होती. मिस्त्रींनी एकेक हातात घेऊन उजेडाकडे धरलं. पंख्याची पाती बोटाने फिरवली. जोडणीच्या सोनेरी पट्टीवर डाग आहे का पाहिलं. तिने कार्ड चालवून दाखवलं तेव्हा चित्र स्वच्छ होतं, तापमान आटोक्यात होतं. मुलगी काहीतरी बोलली. मिस्त्रींनी मान डोलावली. ती हसली, अजून काहीतरी बोलली, आणि स्वतःहूनच किंमत उतरवली. मिस्त्रींनी पुन्हा मान डोलावली आणि कार्डं पिशवीत घातली. जुन्या मिस्त्रीचा मान ठेवला पोरीने, असं त्यांना वाटलं.

ही मान डोलवायची सवय त्यांना कधी लागली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. समोरचा बोलला, नीट कळलं नाही, तर चेहरा बघायचा. चेहरा हसरा असेल तर हसायचं, गंभीर असेल तर "हं" म्हणायचं. दहातल्या नऊ वेळा निभावून जायचं. लोक पूर्वीसारखे स्पष्ट बोलत नाहीत, तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, ही त्यांची पक्की समजूत होती. लेकीचा फोन आला आणि नात लाइनवर आली की दोन वाक्यांत ते फोन बायकोच्या हातात द्यायचे. "काय चिवचिवते ते तूच बघ," म्हणायचे.

चारही मशीनं उभी राहिली. मिस्त्रींनी प्रत्येकाच्या डब्यावर तळहात ठेवून पाहिला. आतली थरथर अगदी एकसारखी होती. पहिल्या दिवशी ड्रायव्हरने गेम सुरू केला आणि त्याचा ट्रक डोंगरातली वळणं लोण्यासारखी घेत गेला. तो मिस्त्रींकडे बघून दोन बोटं कपाळाला लावून गेला. बातमी पसरली. खुर्च्या भरू लागल्या.

मग मिस्त्रींच्या लक्षात आलं की चार नंबरवर कुणी आनंदाने बसत नाही. बाकीची तीन भरली की मगच कुणीतरी तिकडे सरकायचं, तेही कुरकुरत. एक-दोनदा त्यांच्या कानावर शब्द आला, "डास." कुणी म्हणालं, "मी नाही डासाकडे बसणार." मिस्त्रींनी दखल घेतली. दुसऱ्या दिवशी चार नंबरच्या शेजारच्या प्लगमध्ये डास पळवायचं औषध लावून ठेवलं. खिडकीला जाळी मारली. एवढ्यावर न थांबता फळीखालची अडगळ काढून फिनाइलने पुसून घेतलं. पोरं त्या औषधाच्या बाटलीकडे बघून एकमेकांना कोपरं मारत हसली. मिस्त्रीही हसले. गिऱ्हाईक खूश आहे म्हटल्यावर आपण का तोंड पाडायचं?

बायको परत आली त्या संध्याकाळी कॅफेत शिरताच दारात थबकली. तिने चार नंबरकडे पाहिलं, मग त्या औषधाच्या बाटलीकडे, मग नवऱ्याच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे.

"कशी झाली मशीनं?" मिस्त्रींनी विचारलं.

"छान झालीत," ती म्हणाली आणि पदराने काउंटर पुसायला लागली. काउंटर स्वच्छच होता.

ती बोलणार होती, असं तिने पुढे सांगितलं. रोज ठरवायची आणि रोज तिची जीभ अडखळायची. तिच्याआधी ड्रायव्हर बोलला. बाकीच्या खुर्च्या भरल्या होत्या म्हणून तो चार नंबरवर बसला, आणि थोड्याच वेळात हेडफोन काढून ठेवून उठला.

"मिस्त्री, रागवू नका," तो काउंटरवर वाकून, नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाला. "पण हे मशीन तुम्ही एकदा ऐका तरी."

"काय ऐकू?"

"शिट्टी मारतंय. बारीक. कानात डास शिरल्यासारखी. म्हणून तर पोरं त्याला डास म्हणतात."

मिस्त्री चार नंबरजवळ गेले. मान तिरकी केली, डोळे मिटले. पंख्यांची घूं घूं ऐकू आली. रस्त्यावरून ट्रक गेला तो ऐकू आला. शिट्टी नव्हती. ते खाली वाकले, डब्याला कान टेकवला. मागे खुर्च्यांवरची पोरं खेळ थांबवून बघत होती. मिस्त्रींनी डोळे उघडून बायकोकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली. तेवढ्यावरून त्यांना कळलं की शिट्टी आहे.

माणसाला दुखलं की आधी तो दुसऱ्याचा दोष शोधतो. मिस्त्रींनी तडक कार्ड काढलं आणि बाजार गाठला. "जुना माणूस म्हणून विश्वास टाकला, आणि तू सदोष माल गळ्यात मारलास," ते दुकानाबाहेरूनच म्हणाले.

मुलीने हातातलं काम बाजूला ठेवलं. ती उठून त्यांच्या समोर आली. "काका, मी सांगितलं होतं. म्हटलं, यातल्या एकाची कॉइल वाजते, जोर लागला की शिट्टी येते, चालेल का? तुम्ही मान डोलावलीत. मी परत विचारलं, नक्की ना? तुम्ही हो केलंत. म्हणून तर भाव कमी केला."

ती समोर उभी राहून बोलत होती म्हणून शब्द न् शब्द कळला. तिच्या आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. मिस्त्रींना तिचं त्या दिवशीचं हसू आठवलं, हललेले ओठ आठवले. आवाज काही आठवेना, कारण तो कधी पोचलाच नव्हता.

"बदलून देऊ का?" तिने विचारलं. "दुसरं आलं की देते."

"नको," मिस्त्री म्हणाले. "तू सांगितलं होतंस." आणि कार्ड पिशवीत परत घालून ते चालू लागले.

घरी आल्यावर त्यांनी कार्डाचा विषय काढला नाही. हातपाय धुतले, खुर्चीत बसले आणि बायकोला म्हणाले, "तुला कधीपासून ठाऊक आहे?"

तिने आढेवेढे घेतले नाहीत. "दारावरची बेल बदलली तेव्हापासून. जुनी किणकिणायची, ती तुम्हाला ऐकू यायची नाही. मी खोटंच सांगितलं की बिघडली. ही घोगऱ्या आवाजाची लावली."

"आणि बाजारात येतेस ते?"

"मला काय करायचेत तुमचे प्रोसेसर न् फिसेसर," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते पण आवाज नेहमीचाच होता. "दुकानदार बोलतो ते तुम्हाला कळावं म्हणून येते. तेच परत मी सांगितलं की तुम्हाला कळतं. माझ्या आवाजाची सवय आहे तुम्हाला."

"एका शब्दाने बोलली नाहीस."

"काय बोलू? गावभर ज्याच्या कानाचं नाव, त्याला मी सांगू तुमचा कान गेला म्हणून?"

मिस्त्रींना खूप बोलावंसं वाटलं. पण जे बोलावंसं वाटत होतं ते रागाचं होतं, आणि राग ज्याच्यावर काढावा असा माणूस समोर नव्हता. ते दोन दिवस कॅफेत नुसते बसून राहिले. गिऱ्हाइकांशी बायको बोलली.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर आला तो गेम खेळायला नाही. "आमची दरवर्षी कान तपासणी असते," तो म्हणाला. "ज्या बाई तपासतात त्या चांगल्या आहेत. उगाच घाबरवत नाहीत. उद्या माझी सुट्टी आहे, मी नेतो."

"बसने?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही, रिक्षाने. सुट्टीच्या दिवशी मी बसमध्ये बसत नाही."

तपासणीची खोली लहान होती, भिंतींना मऊ अस्तर. मिस्त्रींच्या डोक्याला हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी, एवढंच काम. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई यंत्र घेऊन बसल्या. मिस्त्रींना हसूच आलं. त्यांनी स्वतः हयातभर हेच केलं होतं. स्पीकर असाच तपासायचा. खालच्या सुरापासून सुरू करून वर वर चढत जायचं, आणि कुठे फाटतो ते बघायचं. फक्त आज स्पीकरच्या जागी ते होते.

खालचे सूर आले. त्यांनी दाबलं. मधले आले, जरा अंधुक, तरी दाबलं. मग शांतता झाली. मिस्त्री वाट बघत राहिले. काचेत त्यांना बाईंचा हात दिसत होता. बोट बटणावर जायचं, थांबायचं, बाई मान वर करून त्यांच्याकडे बघायच्या, पुन्हा बोट जायचं. मिस्त्रींना सगळं समजलं. सूर सुरू होता. खोली सुराने भरलेली होती.

त्यांचा अंगठा बटणावरच होता. बाईंचा हात हलला की दाबायचं, बस. मान डोलवण्याइतकंच सोपं. कुणाला कळलं नसतं. बाहेर जाऊन बायकोला सांगता आलं असतं की कान शाबूत आहेत, मशीनच वाईट. क्षणभर त्यांचा अंगठा खरंच दाबला जाणार होता.

मिस्त्रींनी डोळे मिटले. मान तिरकी केली आणि ऐकत राहिले. बराच वेळ त्यांनी काहीही दाबलं नाही.

बाईंनी नंतर कागदावरची रेघ दाखवली. ती निम्म्यापर्यंत सरळ जात होती आणि मग जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली कोसळली होती. "वरचे सूर गेलेत," त्या म्हणाल्या. "हळूहळू गेले म्हणून कळलं नाही. बायकांचे, मुलांचे आवाज, स, श, फ असली अक्षरं, सगळं त्या वरच्या भागात असतं. कानात बसवायचं यंत्र मिळेल, बरंचसं परत येईल. सगळं नाही."

"डास?" मिस्त्रींनी विचारलं.

बाईंना काही समजलं नाही. बाहेर उभा असलेला ड्रायव्हर मात्र खो खो हसला, आणि पाठोपाठ मिस्त्रीही.

यंत्र तयार होऊन यायला अवकाश होता. तोवर चार नंबर तसंच ठेवणं मिस्त्रींना पटेना. कॉइल का वाजते हे त्यांना माहीत होतं. जुन्या टीव्हीतही वाजायची. कार्ड गरज नसताना जीव तोडून चित्रं काढत सुटतं, पडद्याला दाखवता येणार नाहीत इतकी, आणि त्या ताणाने कॉइलच्या तारा थरथरतात. म्हणजे कार्डाला आवर घालायला हवा. पण किती आवर घातला की आवाज थांबतो हे ठरवणार कसं?

"अगं, इकडे ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "खुर्चीत बस. डोळे मीट. आवाज येतोय तोवर हात वर ठेव. गेला की खाली."

ती बसली. मिस्त्रींनी कार्ड पुन्हा बसवून गेम सुरू केला, कार्डाला चित्रांची मर्यादा घातली, एकेक पायरी कमी करत गेले. हात वरच. विजेचा दाब जरा उतरवला. हात खांद्यापर्यंत आला. "हात दुखला का?" त्यांनी विचारलं.

"नाही. कमी झालाय, तेवढाच खाली आणला."

मिस्त्रींना तिच्या कानाचं कौतुक वाटलं. मग पुन्हा कामाला लागले. अजून एक पायरी, मग पंख्याचा वेग बदलला, मग कार्डाच्या खाली रबराचा तुकडा सरकवला. तिचा हात हळूहळू उतरत मांडीवर आला. तिने डोळे उघडले. "गेला."

"नक्की?"

"मी का खोटं सांगू?" ती म्हणाली, आणि दोघांनाही बेल आठवली, तशी ती एकदम ओशाळली.

"या बाबतीत तरी सांगू नकोस," मिस्त्री म्हणाले. "यापुढे एवढंच कर. माझं काही चुकलं तर तोंडावर सांग."

गेम पूर्वीइतकाच सरळ चालत होता. पोरांनी एक-दोन दिवस चार नंबरला संशयाने पाहिलं आणि मग विसरून गेली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. नवीन येणारा विचारायचा, याला डास का म्हणतात, आणि मिस्त्री स्वतः त्याला सगळी कथा सांगायचे, औषधाच्या बाटलीसकट.

कानातली यंत्रं आली. पहिल्या दिवशी मिस्त्रींना कॅफे म्हणजे भांड्यांचं दुकान वाटलं. कीबोर्ड एवढे खडखडतात? खुर्च्या अशा किंचाळतात? आणि पोरं एकमेकांना काय काय बोलतात हे ऐकून तर त्यांनी कानांवर हातच ठेवले. "हे असं किती वर्षं चाललंय?" त्यांनी बायकोला विचारलं. "सुरुवातीपासून," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्याकडे बघून हसत होतात." त्या आठवड्यात भिंतीवर सूचना लागली की शिवी दिल्यास मशीन बंद केलं जाईल.

नातीचा फोन आला तेव्हा मिस्त्रींनी तो बायकोकडे दिला नाही. नात तिच्या शाळेतल्या एका मुलीची तक्रार करत होती, लांबलचक, गुंतागुंतीची. मिस्त्रींना त्यातलं निम्म्याहून जास्त कळलं. जिथे कळलं नाही तिथे त्यांनी "हं" म्हटलं नाही. "परत सांग बाळा, मला कमी ऐकू येतं," असं म्हणाले. नातीने जराही आश्चर्य न दाखवता परत सांगितलं.

हेच वाक्य त्यांनी मग सगळीकडे वापरायला सुरुवात केली. पहिल्यांदा जड गेलं, मग सवयीचं झालं. अजून दोन मशीनं बांधायची ठरली तेव्हा नवरा-बायको बाजारात गेली. मिस्त्री त्या चिंचोळ्या दुकानात शिरले आणि मुलीला म्हणाले, "पोरी, जरा माझ्या तोंडाकडे बघून बोल, आणि तो डोक्यावरचा पंखा बंद कर." तिने पंखा बंद केला. कार्डं निवडून झाली, बायकोने दोन्ही चालवून ऐकली. मग ती कोपऱ्यातल्या एका डब्यापाशी जाऊन उभी राहिली. त्याला काच होती, आणि आत निळे-जांभळे दिवे फिरत होते.

"दिव्यांनी गेम पळत नाही," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही ऐकायचं कबूल केलंय," बायको म्हणाली.

मुलगी डबा काढायला उठली. मिस्त्रींनी अडवलं नाही.